तोतया मॅक: नवशिक्यांसाठी लॅपटॉप-निवडीची मार्गदर्शिका

मॅकओएस ही प्रणाली फक्त ॲपलच्याच यंत्रावर बसवावी, असं तिच्या परवान्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. तो परवाना न वाचता आपण ‘मान्य आहे’ दाबतो, तिथूनच आपला अभ्यासक्रम सुरू होतो. दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर मॅकओएस चढवली की त्याला हॅकिंटॉश म्हणतात. त्यासाठी कुठला लॅपटॉप घ्यावा, हे ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना माहीत आहे ते आत्ता हेडफोन लावला की आवाज कुठे जातो हे शोधताहेत. त्यांना हाक मारू नये.

आधी मुहूर्त. ६ जून २००५ला स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर नेणार असं जाहीर केलं. म्हणजे मॅकच्या पोटात आणि तुमच्याआमच्या कॉम्प्युटरच्या पोटात एकच माल आला, आणि हा उद्योग जन्माला आला. २२ जून २०२०ला ॲपलनं इंटेलला सोडून स्वतःच्या चिपकडे जाणार असं जाहीर केलं. आणि जून २०२५मध्ये सांगून टाकलं की मॅकओएस ताहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. तुम्ही आज या विद्येचा श्रीगणेशा करताय. नवशिक्याला याहून चांगला मुहूर्त नाही, कारण पोर्शन आता वाढणार नाही.

बजेटचं एका वाक्यात उरकतो: नवा लॅपटॉप घेऊ नका. हा काटकसरीचा सल्ला नाही, नवा चालतच नाही. ॲपलनं आपल्या मॅकमध्ये जे ग्राफिक्स बसवले, तेवढ्यांचेच ड्रायव्हर मॅकओएसमध्ये आहेत. मॅकमध्ये बसलेली इंटेलची शेवटची पिढी दहावी. अकराव्या पिढीपासूनच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सला मॅकओएस ओळखसुद्धा देत नाही. पडदा पेटतो, पण खिडकी सरकवली की ती हप्त्याहप्त्यानं सरकते. तेव्हा दुकानात ‘लेटेस्ट मॉडेल आहे साहेब’ हे शब्द कानी पडले की चहा संपवून निघावं. एएमडीचा प्रोसेसर असेल तर चहाही घेऊ नये. त्यावरही करून दाखवणारे लोक आहेत, पण ते नवशिके नाहीत आणि त्यांना झोप लागत नाही.

आता या शास्त्रातलं मूळ सूत्र लिहून घ्या. विंडोजचा लॅपटॉप घेताना माणूस त्यात काय काय चालतं ते बघतो. हॅकिंटॉशसाठी घेताना त्यात काय चालणार नाही याची यादी करायची आणि त्यातलं आपल्याला काय सोसवेल ते ठरवायचं. बोटाचा ठसा घेणारा चौकोन चालणार नाही. हे कुठल्याही मॉडेलबद्दल डोळे मिटून लिहा. एनव्हिडियाचं कार्ड चालणार नाही. इथे जरा थांबतो, कारण नवशिका हमखास इथेच बुडतो.

घरात कुणाचा तरी एक गेमिंग लॅपटॉप असतो. लाल दिवे लागलेला, उचलताना दोन हात लागणारा. भाचा म्हणतो, मामा, यात एवढं तगडं कार्ड आहे, यावर मॅक पळेल. पळणार नाही. २०१८च्या मॅकओएस मोहावेपासून एनव्हिडियाच्या नव्या कार्डांसाठी ड्रायव्हरच नाहीत, आणि लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया आलटून पालटून चालवण्याची जी युक्ती असते ती मॅकओएसला येत नाही. म्हणून पहिलं काम, ज्या कार्डासाठी भाच्यानं वडिलांशी महिनाभर अबोला धरला ते कार्ड एक छोटी फाइल लिहून कायमचं झोपवणं. नाही झोपवलं तर ते नुसतं बसून बॅटरी खातं. त्याहून गंमत म्हणजे अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट त्या झोपवलेल्या कार्डाला जोडलेलं असतं. म्हणजे बाहेरचा मॉनिटरही गेला. तगडं यंत्र नको. कंपन्यांमध्ये अकाउंट्सवाल्यांना देतात तसलं, कुणी वळूनही बघणार नाही असं काळं यंत्र हवं.

आणि असं यंत्र घाऊक भावात मिळतं. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात आणि ते थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक गठ्ठ्यानं बाजारात येतात. मुंबईत असाल तर ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. त्या नावानं टॅक्सीवाल्याला विचारलंत तर तो तुम्हाला पाहुणा समजेल. जाताना खिशात एक पेन ड्राइव्ह, एक बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि प्रश्नांचा कागद असू द्या. प्रश्न विचारायचे ते असे.

‘वायफायचं कार्ड बोर्डवर चिकटवलेलं आहे की काढता येतं?’

‘साहेब, वायफाय एक नंबर चालतं.’

‘एसएसडी सॅमसंगची पीएम९८१ तर नाही ना?’

‘सॅमसंगच आहे, टेन्शन घेऊ नका.’

हे ऐकून टेन्शन घ्यावं. विंडोजवर उत्तम चालणारी ही एसएसडी मॅकओएसवर चालता चालता यंत्राला फेफरं आणण्याबद्दल प्रसिद्ध होती. पुढे त्यावर उतारा निघाला, पण नवशिक्यानं उताऱ्याच्या भरवशावर आजार विकत घेऊ नये. दुकानदाराला वाईट वाटू देऊ नका. दिवसभर त्याला ‘कितने का है’ एवढंच ऐकायची सवय असते. तुम्ही ‘बायोसमध्ये एस-थ्री स्लीप निवडता येते का’ विचारलंत की तो पोऱ्याला हाक मारतो, आणि पोऱ्या तुमच्याकडे आदरानं बघत लॅपटॉप पुसू लागतो. प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. आजकालच्या लॅपटॉपांमध्ये झाकण मिटलं तरी यंत्र अर्धवट जागं राहतं. मॅकओएसला पीसीवर जुनी गाढ झोपच जमते. ती सोय नसेल तर तुमचा लॅपटॉप बॅगेत तापत घरी येईल.

वायफायबद्दल थोडं सविस्तर. पूर्वीचा रिवाज असा होता की इंटेलचं कार्ड काढायचं आणि ब्रॉडकॉमचं बसवायचं, कारण ॲपल स्वतः ब्रॉडकॉम वापरायची. जुन्या थिंकपॅडमध्ये त्यालाही आडकाठी होती. बायोसमध्ये मान्यताप्राप्त कार्डांची यादी असायची आणि बाहेरचं कार्ड दिसलं की यंत्र सुरूच व्हायचं नाही. लोकांनी तो बायोससुद्धा बदलला, कार्डं परदेशातून मागवली, बसवली, आणि २०२३मध्ये मॅकओएस सोनोमानं त्या जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधारच काढून घेतला. दरम्यान काही भल्या माणसांनी इंटेलच्या कार्डासाठी फुकट ड्रायव्हर लिहून ठेवला होता. म्हणजे मुळात होतं ते कार्ड तसंच ठेवणारा आळशी माणूस जिंकला. फक्त इंटेलवर एअरड्रॉप चालत नाही. फोनमधले फोटो चुटकीसरशी लॅपटॉपवर यावेत म्हणून ज्यांनी हा सगळा घाट घातला, त्यांनी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवावेत.

सगळं ऐकून तुम्ही विचाराल, नाव सांगा. सांगतो. थिंकपॅड टी४८०, २०१८चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, एनव्हिडियाशिवायचा. तो सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे, तर तुमच्याआधी त्यावर पुष्कळ लोक रडून गेलेत म्हणून. निवडीची खरी कसोटी हीच. ज्या मॉडेलवर कुणीच प्रयत्न केलेला नाही ते मॉडेल कितीही देखणं असो, त्यावर पहिले आपण होऊ नये. टी४८०ला दोन बॅटऱ्या असतात, एक पोटात आणि एक मागे काढता-घालता येणारी. प्रवासात फार सोयीचं. पण ॲपलच्या इंटेलवाल्या कुठल्याच लॅपटॉपला दोन बॅटऱ्या नव्हत्या, त्यामुळे मॅकओएसला एकीचाच हिशेब कळतो आणि दुसरी असून नसल्यासारखी. दोघींची एकच बॅटरी करून दाखवायला आणखी एक फाइल लागते. तीही कुणीतरी आधीच लिहून ठेवली आहे. पाहिलंत, रडून गेलेल्यांचे किती उपकार असतात.

यंत्र घरी आलं. आता त्याला वेष चढवायचा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो तोतया उभा राहिला, त्याची अडचण तुम्हाला यापुढे चांगली समजेल: नुसता चेहरा मिळून भागत नाही, ओळखीच्या माणसांनी विचारलेल्या खुणा पटाव्या लागतात. मॅकओएस सुरू होताना असंच खुणा विचारत येते. तू कुठलं मॉडेल? तुझ्या बोर्डवर एसएमसी नावाची ॲपलची चिप आहे का? तिच्यात ठरलेला शब्द आहे का? मॅकओएसमध्ये ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ अशा सरळ विनवणीच्या नावाचा एक भाग आहे, आणि तो शब्द मिळाल्याशिवाय फाइंडर आणि डॉक उघडत नाहीत. चोरीच्या वाटेवर एवढी सभ्य पाटी दुसरीकडे कुठे नसेल. तर ओपनकोर हा बूटलोडर आधी उठतो आणि तुमच्या वतीनं साक्ष देतो. व्हर्च्युअलएसएमसी नावाचा केक्स्ट, म्हणजे मॅकओएसला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा, ती चिप असल्याची बतावणी करतो. टी४८० शपथेवर सांगतो की मी मॅकबुक प्रो आहे.

सिरियल नंबरही बनवायचा असतो, आणि तो बरोबर आला की नाही हे तपासायची रीत मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत आवडते. नंबर ॲपलच्या वॉरंटी तपासण्याच्या पानावर टाकायचा. ‘हा नंबर वैध नाही’ असं उत्तर आलं की पेढे वाटायचे. वैध निघाला तर पंचाईत, कारण तो नंबर कुणा खऱ्या मॅकच्या मालकाचा आहे. लगेच दुसरा बनवा.

कायद्याचं म्हणाल, तर घरच्या टेबलावर तुम्ही एकटे बसून जे करता त्याला परवान्याचा भंग म्हणतात. विकायला मात्र जाऊ नका. फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीनं एप्रिल २००८मध्ये असे कॉम्प्युटर उघड विकायला काढले. त्याच वर्षी जुलैत ॲपलनं दावा लावला आणि नोव्हेंबर २००९मध्ये कोर्टानं निकाल ॲपलच्या बाजूनं दिला. आपल्या तोतयालाही १७७६मध्ये पुण्यात देहान्त शिक्षा झाली. झाकणावर सफरचंदाचं स्टिकर लावून ‘ॲपलचं यंत्र’ ही अट पूर्ण होते, हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर ठीक आहे.

आता आवाज. ॲपलएएलसी नावाच्या केक्स्टमध्ये तुमच्या साउंड चिपसाठी काही आकडे दिलेले असतात. त्यातला एक आकडा ओपनकोरच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा, सेव्ह करा, रीस्टार्ट करा, गाणं लावा, कान द्या. नाही? पुढचा आकडा. कधी स्पीकर चालतो आणि माइक बसतो, कधी माइक बोलतो आणि हेडफोन रुसतो. हे काम रात्री घरातली झोपल्यावर करू नये. बरोबर आकडा लागला की गाणं पूर्ण आवाजात लागतं. आणि ताहोचा मोह धरू नका. ॲपलनं जुना आवाजाचा ड्रायव्हरच त्यातून काढून टाकलाय. शेवटची बस म्हणून धावत चढाल आणि आत सगळे मुके. त्याच्या अलीकडच्याच सिक्वोया आवृत्तीवर थांबा.

यूएसबीच्या भोकांचंही गणित आहे. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजते. लॅपटॉपला दिसायला तीन-चार भोकं, मग पंधरा पुरतील असं वाटतं. पण निळ्या जिभेचं भोक दोनदा मोजलं जातं, वेबकॅम एक खातो, ब्लूटूथ एक खातं, आणि बोर्डवर कुठेही न जाणारे पोर्ट नुसतेच हजेरी लावतात. म्हणून एकेका भोकात पेन ड्राइव्ह खुपसून कागदावर नोंद करायची. तुम्हाला या अवस्थेत पाहून घरातली म्हातारी माणसं काही विचारत नाहीत. वयानं त्यांना समज आलेली असते.

सफारीत काही ओटीटींचे सिनेमे काळे दिसतील, कारण कॉपी-संरक्षण आणि इंटेलचे ग्राफिक्स यांचं तोतयावर जमत नाही. क्रोममध्ये बघा आणि तक्रार करू नका.

कधीतरी मेहुणा येईल. झाकण उघडून बघेल, कोपऱ्यातलं सफरचंद बघेल आणि विचारेल, ‘एवढ्या खटपटीपेक्षा सरळ जुनं मॅकबुक एअर का नाही घेतलं? एम-वन सेकंडहँड मिळतं की.’ या प्रश्नाचं उत्तर नाही. चहाचं बघतो म्हणून उठावं. चुकूनही त्याला ‘तुझ्याही लॅपटॉपवर करून देऊ का’ असं म्हणू नये. दुसऱ्याच्या यंत्रावर हॅकिंटॉश करून देणारा माणूस पुढची तीन वर्षं रात्री अकरानंतर येणारे फोन घेत असतो.

‘अपडेट उपलब्ध आहे’ असं लाल वर्तुळ दिसलं की त्याकडे बघू नका. फारच खुपत असेल तर ओपनकोर आणि केक्स्ट जिथे राहतात त्या ईएफआय फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती कपाटात, सोन्याशेजारी ठेवा, आणि मग शुक्रवारी संध्याकाळी अपडेट करा. सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन असेल तर तेही करू नका.

ॲपल इंटेलसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबवेल तेव्हा याच टी४८०वर लिनक्स टाका. वीस मिनिटांत वायफाय, आवाज, झोप, ब्राइटनेस, दोन्ही बॅटऱ्या, सगळं आपोआप चालू होईल आणि शनिवार-रविवारी काय करायचं ते सुचेनासं होईल. फक्त ठशाचा चौकोन तिथेही सरळ चालत नाही.