एजंट क्षमस्व

मराठी छोट्या जाहिरातींतला सर्वांत निरुपयोगी शब्द कोणता, हे मला गेल्या दोन महिन्यांत कळलं. क्षमस्व. 'कोथरूड, २ बीएचके, दुसरा मजला, थेट मालकाकडून, एजंट क्षमस्व' अशी जाहिरात मी एका रविवारी सकाळी दहाला एका साइटवर टाकली. दहा वाजून नऊ मिनिटांनी पहिला फोन आला. एजंटचा. "सर, क्षमस्व कशाला लिहिलंत? आपल्यात माफी कसली!"

दुपारपर्यंत चौदा फोन झाले. तेरा एजंटांचे, आणि चौदावा 'घर विकतोयस आणि कळवलंसुद्धा नाहीस' म्हणून रुसलेल्या मावसभावाचा.

एजंट फोनवर स्वतःला एजंट म्हणवत नाही. 'माझ्याकडे पार्टी आहे' असं म्हणतो. पार्टी आयटीत असते, पार्टीचं लोन सँक्शन झालेलं असतं आणि पार्टीला नेमकी आपलीच गल्ली हवी असते. दोन महिन्यांत त्यातली एकही पार्टी जिना चढून वर आली नाही.

हा उद्योग मी का आरंभला? हिशेब सोपा होता. मागत होतो ९५ लाख. दोन टक्के म्हणजे १ लाख ९० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ३४ हजार २००. सव्वादोन लाखांना आठशे कमी. एजंट तरी काय करतो? दार उघडतो, दिवे लावतो, 'व्हेंटिलेशन बघा' म्हणतो. एवढं मला येतं, असं मी घरात जाहीर केलं. बायको काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की समजावं.

सुरुवात फोटोंपासून झाली. दोरीवरचे कपडे काढले, फ्रिजवरचे डबे लपवले, मोबाइल आडवा धरून सगळ्या खोल्या टिपल्या. बेडरूमच्या फोटोत लोखंडी कपाट आलं. कपाटाला आरसा आहे. आरशात बनियन घातलेला, एक डोळा मिटलेला, मोबाइल धरलेला एक गृहस्थ आला. साइटने सगळ्या फोटोंतून नेमका तोच निवडून जाहिरातीच्या माथ्यावर लावला. बदलायचं बटण सापडलं नाही. नंतर घर बघायला येणारे दारात मला पाहून ओळखीचं हसायचे, ते यामुळे.

मग क्षेत्रफळ. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, कार्पेट ६२०. विचारणारा प्रत्येक जण म्हणे, "ते ठीक, सेलेबल किती?" रेराचा कारभार महाराष्ट्रात मे २०१७ला सुरू झाला, तेव्हापासून नव्या प्रकल्पात बिल्डरला कार्पेटचाच आकडा सांगावा लागतो. जुन्या फ्लॅटच्या बाजारात मात्र सेलेबल ठणठणीत आहे. सेलेबल म्हणजे घराच्या आतली जागा, अधिक भिंती, अधिक जिन्यातला वाटा, अधिक विकणाऱ्याची हिंमत. समोरच्या बिल्डिंगमधला हुबेहूब आमच्यासारखा फ्लॅट ८५०चा होता आणि माझा ६२०चा. विसाव्या दिवशी मीही ८५० केलं. पंचविसाव्या दिवशी 'मेट्रो स्टेशन ५ मिनिटांवर' असं घातलं. रिक्षाने, पहाटे, सिग्नल बंद असताना ते खरं आहे.

भावाचंही असंच. 'मागच्या गल्लीतला सव्वा कोटीला गेला' हे मला वॉचमनपासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. नोंदणी विभागाच्या साइटवर त्याच फ्लॅटचा इंडेक्स टू काढला. ८८ लाख. उरलेले ३७ लाख गप्पांतले की पिशवीतले, ते त्या दोन पार्ट्यांना ठाऊक.

आता खरी गोष्ट. आमची इमारत १९८९ची, तीन मजली, लिफ्ट नाही. विकायचं म्हणून मी ८५ हजार खर्चून आतून रंग काढला. सागवानी दाराला पॉलिश केलं. जाहिरातीत गुलमोहर, वारा, सकाळचं ऊन यांवर चौदा ओळी लिहिल्या. एका शनिवारी एक चाळिशीचे गृहस्थ आले. स्वयंपाकघराकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गॅलरीत जाऊन खाली वाकले.

"प्लॉट किती गुंठे?"

मी गुलमोहराकडे बोट दाखवत होतो, तो हात तसाच राहिला.

"रस्ता नऊ मीटरचा आहे ना? रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय? किती मेंबर तयार आहेत?" २०१९च्या शासन निर्णयापासून ५१ टक्के संमती पुरते, हेही त्यांनीच मला सांगितलं. जाताना भिंतीवरून बोट फिरवलं आणि कळवळून म्हणाले, "रंग कशाला काढलात? पाडायचीच आहे ना."

स्थळ बघायला आलेल्यांनी मुलाचा पगार न विचारता विम्याची रक्कम विचारावी, तसं मला झालं. पुढच्या दहांतल्या आठांनी हेच विचारलं. कोथरूडमधल्या जुन्या फ्लॅटला आज जी किंमत येते, ती तो पडणार या आशेवर येते. हे एजंटला एका ओळीत माहीत असतं. तो 'सोसायटी रिडेव्हलपमेंटमध्ये' एवढंच लिहितो आणि जेवायला जातो. गुलमोहर त्याला दिसतच नाही, त्याचे दोन टक्के याबद्दलच असावेत. शिवाय अपमान त्याचा होत नाही. 'बाथरूम फारच जुनाट आहे हो' हे वाक्य त्याच्या कानावरून जातं. माझ्या काळजातून गेलं, कारण त्या फरशा २००४ साली मी निवडल्या होत्या.

किरकोळ पराभव सांगत बसत नाही. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचाही फ्लॅट विकायचा होता, हे मला माझ्याच गिऱ्हाइकाकडून कळलं. माझ्याकडून उतरणाऱ्या प्रत्येकाला ते जिन्यात गाठत. "चहा घेऊन जा. आमचाही आहे. तीन लाखांनी कमी, आणि एक मजला कमी चढायचा." फोटो माझे, जाहिरात माझी, चहा त्यांचा.

एकाने 'पंधरा कॅश घ्या' म्हटलं. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, असं मी सांगितलं. "तुम्ही सीए आहात?" नाही म्हटलं. "मग घाबरता कशाला?"

सेक्रेटरींना भेटलो. ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांहून अधिक घेता येत नाही, हे मी वाचून गेलो होतो.

"बरोबर आहे. तो प्रीमियम. वरचं स्वेच्छेने."

"किती स्वेच्छा?"

"एक लाख."

अखेर फ्लॅट विकला आमच्या इस्त्रीवाल्याने. गल्लीच्या तोंडाशी त्याची टपरी आहे. कोणाच्या घरात लवकरच एका माणसाचे कपडे वाढणार, हे त्याला पत्रिका छापायच्या आधी कळतं. तो एका संध्याकाळी शर्ट देताना म्हणाला, "काका, चौथ्या बिल्डिंगमध्ये मुलाचं लग्न ठरलंय. त्यांना जवळच पाहिजे. सांगू का?"

सांग म्हटलं. दुसऱ्या दिवशी चौघं आली. मुलाच्या आईला घर असं हवं होतं की गॅलरीतून हाक मारली तर ऐकू जावी. होणाऱ्या सुनेला, ऐकू जाऊ नये असं. माझा फ्लॅट बरोबर मधे पडला. आईने गॅलरीत उभं राहून अंतर डोळ्यांनी मोजलं, सुनेने खिडकी लावून आवाज किती येतो ते पाहिलं, आणि दोघी एकदमच 'छान आहे' म्हणाल्या. चौदा ओळींत मी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

९१ लाखांवर ठरलं. पुण्यात स्टॅम्प ड्यूटी सात टक्के, घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. म्हणजे ९१ हजार वाचतात. घर सुनेच्या एकटीच्या नावावर होणार, हे सासूबाईंच्या ध्यानात आल्यावर चहाच्या टेबलावर जी शांतता पसरली, ती मी आयुष्यभर विसरणार नाही. पण आकडा जिंकला. मग माझ्या रकमेतून १ टक्का टीडीएस त्यांनी कापायचा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मी शोधायचं (ते देवघरात पंचांगाखाली निघालं), वगैरे बोलणी होऊन इसार पावती झाली. दार उघडणं, दिवे लावणं, 'व्हेंटिलेशन बघा' म्हणणं, सगळं मीच केलं होतं. बायकोने फक्त विचारलं, "रंगाचे ८५ हजार हिशेबात धरलेस का?" आणि मागितल्यापेक्षा कमी आलेल्या चार लाखांचं तर तिने नावसुद्धा काढलं नाही.

इस्त्रीवाल्याला विचारलं, तुझे किती? "समजून द्या, काका." हा दर कुठल्याही कायद्यात नाही आणि त्यावर जीएसटीही लागत नाही. मी ११ हजार दिले. तो घुटमळला. मग म्हणाला, ते आरशाचं कपाट तुम्ही नव्या घरी नेणार आहात का? फोटोत पाहिलं होतं त्याने. चारचाकी गाड्यावर घालून त्याच संध्याकाळी घेऊन गेला.

साठेखत पुढच्या महिन्यात. साइटवरची जाहिरात काढायचं बटणही मला सापडलेलं नाही, त्यामुळे ती अजून तिथेच आहे. तेव्हा वाचकहो, कोथरूडमध्ये जागा शोधताना बनियनमधला एक डोळा मिटलेला गृहस्थ दिसला, तर कृपा करून फोन करू नका. फ्लॅट गेला. खालच्या मजल्यावरचा अजून आहे, चहा चांगला असतो.