कमोडिटीकाका

दिवा–रोहा मेमूत पेणला जे गृहस्थ घडी केलेला पेपर काखेत मारून चढतात आणि ज्यांच्या खिशात तीन पासबुकं असतात, ते कमोडिटीकाका. त्यांचं नाव विचारू नका. एकच असते तर सांगितलं असतं. या पट्ट्यात दर डब्यात एक सापडतो. बहुधा धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेला, लेक रोह्याला दिलेली.

काकांपुढे प्रश्न एकच: पैसा रोख्यांत घालावा की मालात? गाडी हलली की सुरुवात. "महागाई वाढली की व्याजदर वाढणार, व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव पडणार. तेव्हा माल घ्यावा. सोनं, चांदी, गेलाबाजार तांदूळ." कासू येईपर्यंत समोरचा माणूस मनातल्या मनात एफडी मोडतो. तेवढ्यात काका चष्मा पुसतात. "पण भावच पडायला लागले तर? मालवाला डोक्याला हात लावून बसणार, आणि रोखेवाला ठरलेलं व्याज खाणार!" नागोठण्याला त्या बिचाऱ्याची एफडी परत जागेवर. निडीपर्यंत काका दोन्ही बाजूंनी बुडतात आणि रोह्याला कोरडे उतरतात, कारण त्यांनी घेतलेलं काहीच नसतं.

रोह्यात त्यांचा आवाज चढतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं बालपण इथलं, त्यामुळे रेपो दर हा काकांच्या लेखी घरगुती विषय. "आपल्या सीडींनी हे होऊ दिलं नसतं," ते म्हणतात. काय होऊ दिलं नसतं, ते महिन्यागणिक बदलतं. एप्रिल २०२२मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, तेव्हा काकांची झोप उडाली. ऑक्टोबर २०२५मध्ये ती ०.२५ टक्क्यावर आली, तरी झोप आली नाही. "आता मंदी," म्हणाले.

घरी मात्र कमोडिटीचं खातं काकूंकडे. उन्हाळ्यात वाल, तांदूळ, मिरची, हळद भरून ठेवायची, हा त्यांचा नेम.

"अहो, वालाचे पैसे द्या."

"थांब गं, भाव पडणार आहे."

"तो पडेल तेव्हा पडेल. बिरडं उद्या करायचंय."

मूर्तिशाळेतही तेच. यंदा महागाई उतरली, तर गणपती का उतरला नाही, असं काकांनी विचारलं. मूर्तिकार हातातला ब्रश न थांबवता म्हणाला, "काका, तो विसर्जनालाच उतरतो."

हसा, पण पेणकरांना हसताना जरा जपून. पेण अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१०मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पुढे परवानाही गेला, आणि ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. म्हातारपणाची पुंजी अडकलेली ज्या गावाने पाहिली, तिथला माणूस कुठलाही कागद आधी उजेडात धरून बघणारच. काकांची तीन पासबुकं तीन वेगळ्या बँकांची आहेत, ती उगाच नाहीत. तिन्हींतली शिल्लक महागाई गुपचूप कुरतडते, हे त्यांना कळतं. पण कुरतडलेलं परवडलं, गिळलेलं नको, असा त्यांचा हिशेब आहे. मला तो अगदीच वेडा वाटत नाही.

वेड आहे ते पुढे. नोव्हेंबर २०१५मध्ये सरकारने खास काकांसाठीच काढावी तशी वस्तू काढली: सुवर्णरोखा. रोखाही तोच, मालही तोच. भाव ग्रॅमला २,६८४ रुपये, वर पावणेतीन टक्के व्याज. काकांनी फॉर्म आणला, पेनाचं टोपण काढलं आणि अडले. हा रोखा म्हणून घ्यायचा की माल म्हणून? महागाईसाठी की मंदीसाठी? फॉर्म पासबुकात राहिला. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३मध्ये, त्या पहिल्या रोख्यांचे सरकारने ग्रॅममागे ६,१३२ रुपये परत केले.

काकांचा निर्णय आता पक्का झाला आहे. सुवर्णरोख्यांचा शेवटचा हप्ता सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये विकला.