भावकीचं ब्लूटूथ

आबांच्या डायरीत माणसं अ-आ-इच्या नव्हे, गावांच्या हिशेबानं राहायची. देशिंगच्या पानावर आत्या, नागजच्या पानावर बेदाण्याचा व्यापारी, शिरढोणच्या पानावर आईचं सगळं माहेर. पहिलं पान मात्र अडीनडीचं: टँकर, वायरमन, गुरांचा डॉक्टर. कवठे महांकाळात टँकर डॉक्टरच्या वर असला तर कुणाला वावगं वाटत नसे.

डायरीला वाळवी लागली, मग आबा आणि आई दोघांनी सगळे नंबर आपापल्या मोबाईलमध्ये भरून घेतले. दिवाळीला मी लॅपटॉप घेऊन आलो आणि जाहीर केलं, की दोन्ही फोन ब्लूटूथनं लॅपटॉपला जोडतो. सगळ्यांची नावं एका जागी येतील आणि तिथून दोन्ही फोनमध्ये सारखी जातील.

“वायर न्हाई, मग जातंय कशातनं?” आबांनी विचारलं. मी रेडिओलहरी समजावू लागलो, पण त्यांनी स्वतःच सोडवून टाकलं. “कृष्णंचं पाणी म्हैसाळला उचलून टप्प्याटप्प्यानं हितवर येतंय, तर नंबर ह्या खोलीतनं त्या खोलीत याला काय झालं!”

नाव ब्लूटूथ कसं, तेही मी सांगितलं. दहाव्या शतकात डेन्मार्कचा हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होता. त्यानं सगळा मुलूख एका छत्राखाली आणला, म्हणून १९९७ साली इंटेलच्या जिम कारडाक यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलती करणाऱ्या या युक्तीला त्याचं नाव सुचवलं. ते निळं चिन्हही त्याच्याच नावाची दोन जुनी अक्षरं एकमेकांत गुंफून केलेलं.

“आख्खा मुलूख जोडला? मग भावकी नसंल त्याला.”

पुढं पोटचा पोरगाच त्या राजावर उलटला, हे मी बोललो नाही.

जोडणी झाली. कॉम्प्युटरचा न्याय सरळ असतो: नंबर एक, तर माणूस एक, नाव एक, तरी माणूस एकच. आपल्याकडं मात्र नाव माणसाचं नसतंच, नात्याचं असतं, आणि नातं ज्याच्या त्याच्या जागेवरून मोजायचं. आबांच्या फोनमधला ‘भाऊ’ म्हणजे वाटणीपासून बांधावरून भांडणारे चुलते. आईच्या फोनमधला ‘भाऊ’ म्हणजे शिरढोणचा मामा. लॅपटॉपनं दोघांना एका कार्डावर बसवलं. कोर्टाला जमलं नसतं ते दोन मिनिटांत झालं.

संध्याकाळी आबा नावं वर-खाली करत बसले होते. “हे ‘हे’ कोण?”

आई चुलीपुढून उठून आत गेली. आबांनी नंबर लावला, कानाला धरला. “एंगेज लागतोय. लई बिझी दिसतोय गडी.”

ते निस्तरायला मी सकाळी बसणार होतो. त्याआधीच फोन वाजला, स्क्रीनवर ‘भाऊ’. आबांनी समोरच्याला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही.

“बांध कोरायचा बंद कर, न्हाईतर सरकारी मोजणी आणतो! आणि पुन्हा ह्या घराची पायरी चढलास तर बघ!”

पलीकडं बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात:

“दाजी, मग भाऊबीजेला म्या येऊ, का नगं?”