तरंगता टू बीएचके

2014 साली आपली ‘विक्रांत’ सुमारे 60 कोटींना भंगारात गेली. अख्खी विमानवाहू नौका! 2023मध्ये मलबार हिलवर समुद्र दिसणारं एक घर 369 कोटींना विकलं गेलं. म्हणजे समुद्र नुसता बघायचा भाव सहा विक्रांतींएवढा. हा हिशेब कळल्यापासून आमच्या घरी जहाज घ्यायच्या गप्पा रंगतात. आईने धावपट्टीवर कुरडया वाळत घालायची जागा हेरून ठेवलीय. चिरंजीवांना शाळेला कायमची सुट्टी हवीय. बायकोने एवढंच विचारलं, “तळाला चिकटलेली कालवं खरवडायला बाई मिळेल का?” तिथे चर्चा जरा मंदावली. गोदीचं भाडं, खलाशांचे पगार, विमा, डिझेल... यापुढे सोसायटीचा मेंटेनन्स म्हणजे किरकोळ दानधर्म! चहूकडे पाणी, पण प्यायचं विकतच. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारे कोळीसुद्धा पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि स्वतः जमिनीवरच्या घरात झोपतात, हे मात्र आमच्या बैठकीत कुणी काढत नाही.

विक्रांतच्या लोखंडातून 2016मध्ये मोटारसायकली निघाल्या. त्या हप्त्याने मिळायच्या.