चारशेवीस तासांचा उन्हाळा

अमेरिकेत डॉक्टर व्हायला निघालेल्या कॉलेजच्या मुलामुलींपुढे उन्हाळ्यात दोन कामे असतात. दिवसा कोणाच्या तरी प्रयोगशाळेत संशोधन करायचे आणि उरलेल्या वेळात एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. भारतात बारावीनंतर 'नीट' दिली की थेट वैद्यकीय कॉलेज; तिकडे बहुतेकांना आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट, मग पुढची चार वर्षे. एडिसनमधल्या वीस वर्षांच्या भाचीबद्दल पुण्याची आत्या फोनवर "अजून ॲडमिशन नाही झाली का गं?" असे विचारते, तेव्हा ही रचना तिला समजावत बसू नये. तेवढा वेळ पुढच्या हिशेबात धरलेला नाही.

हिशेब असा. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या 'आरईयू' या विद्यार्थी-संशोधन योजनेतला उन्हाळा साधारण दहा आठवड्यांचा, म्हणजे १६८० तासांचा. रोज आठ तास झोप धरली की ५६० गेले. प्रयोगशाळेचे आठवड्याला ४० प्रमाणे ४००. एमकॅटसाठी साधारणपणे ३०० तास सांगितले जातात. उरतात ४२०. दंडविधानातल्या या कलमाला २०२४ मध्ये न्याय संहितेने रजा दिली असली, तरी आकड्याचा गुण गेलेला नाही. हे तास कागदावर दिसतात आणि हाताला लागत नाहीत. काही स्वयंपाकात आणि कपडे धुण्यात जातात, काही मराठी मंडळाच्या पिकनिकला. बरेचसे पेशी खातात, कारण पेशींना रविवार कळत नाही. सुट्टीच्या दिवशीही त्यांचे माध्यम बदलायला जावेच लागते.

अर्ज करण्याआधी पासपोर्ट पाहावा. आरईयूचे पैसे अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात. आईवडिलांच्या एच-वन व्हिसामागून एच-फोरवर आलेल्या मुलाने ओळखीपाळखीने, बहुधा फुकट काम करायची प्रयोगशाळा शोधावी. हिशेब त्यालाही तोच लागू होतो.

परीक्षेत २३० प्रश्न, चार भाग, प्रत्यक्ष लिहिण्याचे सव्वासहा तास आणि सुट्ट्या-सूचना धरून सुमारे साडेसात. गुण ४७२ ते ५२८. म्हणजे ज्याला काहीच आले नाही त्यालाही ४७२ मिळतात. अशी उदार परीक्षा आपल्याकडे झालेली नाही. ५०० म्हणजे जेमतेम मधला विद्यार्थी, परंतु आत्याला "पाचशे पडले" एवढेच सांगावे आणि "कितीपैकी?" यायच्या आत फोन आईकडे द्यावा.

आता मुख्य युक्ती. जीवशास्त्राची प्रयोगशाळा ही प्रामुख्याने वाट पाहण्याची जागा आहे, आणि सगळा अभ्यास त्या वाट पाहण्यात बसवायचा असतो. सेंट्रिफ्यूज दहा मिनिटे फिरतो. तेवढ्यात 'कार्स' या वाचन-आकलनाच्या भागाचा एक उतारा होतो, कारण त्यात ९० मिनिटांत नऊ उतारे असतात. पीसीआरला दीड-दोन तास लागतात. तिथे भौतिकशास्त्र लावावे. प्रथिने वेगळी करणारे जेल तासभर चालते. त्यात वीस अमिनो आम्ले एकाक्षरी खुणांसह पाठ करावीत. लायसिनला 'के' आणि ट्रिप्टोफॅनला 'डब्ल्यू' का, हे विचारू नये. अँटिबॉडी रात्रभर चार अंशांवर ठेवली की ती रात्र आपली.

धोका जेलचाच. त्यावर निळ्या रंगाची एक रेघ हळूहळू खाली सरकत असते. ती तळाला पोचायच्या आत वीज बंद करायची असते. विद्यार्थी अठराव्या शतकातल्या सौंदर्यशास्त्रावरच्या उताऱ्यात बुडालेला असतो. लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे, ब की क, असे चालू असताना मान वर होते, तेव्हा रेघ जागेवर नसते आणि तळाचा बफर फिकट निळा झालेला असतो. छोटी प्रथिने त्यात गेली. तीन दिवसांचे काम गेले. उत्तर ब होते. म्हणून मोबाइलवर गजर लावावा. एक बंद करून पुन्हा वाचायची सवय असेल तर दोन लावावेत.

या नुकसानीतून थोडी भरपाई होते. एमकॅटचे पुष्कळ उतारे प्रयोगांवरच असतात, आणि ज्याने स्वतः ब्लॉट केला आहे त्याला आकृतीतली रिकामी लेन पाहून घाबरायला होत नाही. फक्त परीक्षेतल्या पट्ट्या फार स्वच्छ असतात. तसल्या त्याने कधी पाहिलेल्या नसतात.

परीक्षेची तारीख पीआयला पहिल्याच आठवड्यात सांगावी. पीआय म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. ते क्वचित दिसतात. रोजचा कारभार पोस्टडॉककडे असतो आणि त्याचा भावी डॉक्टरांवर विश्वास नसतो, कारण मागचा एक ऑगस्टमध्ये नमुन्यांवर नावे न घालता निघून गेलेला असतो. नावे घालावीत.

तारखांचे म्हणाल तर दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा संशोधनाला द्यावा, परीक्षा पुढच्या जानेवारीत किंवा वसंतात उरकावी आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात अर्ज भरावा, हा सरळ मार्ग आहे. सरळ असल्यामुळे तो फारसा कोणी घेत नाही. ऑगस्टअखेर परीक्षा दिली तर निकालाला महिना लागतो; अर्ज मेअखेरपासून जाऊ लागलेले असतात आणि बरीच कॉलेजे ते येतील तसे तपासतात. फाइल मग रांगेच्या शेवटी. एमकॅट वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदा देता येते. सातचा वटपौर्णिमेशी संबंध नाही, जरी तीही सहसा जूनमध्येच येते.

संशोधनाच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टर करावे लागते. ते चार फूट रुंद असते, निष्कर्षांच्या चौकटीत 'प्राथमिक' हा शब्द असतो आणि समोर उभे राहणारे बहुतेक जण पलीकडच्या टेबलावरच्या चीजसाठी आलेले असतात.

हे सगळे अर्जात नोंदवायचे. अर्जात पंधरा अनुभवांपुरती जागा असते आणि एका अनुभवाला ७०० अक्षरे, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. निळ्या बफराची गोष्ट त्यात बसत नाही.