ठमीला दात येतात

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की सगळे आधी त्याच्या डोळ्यांवर भाळतात. दातांकडे लक्ष जातं ते नंतर, इंटरनेट बंद पडल्यावर. पिल्लाला दुधाचे दात २८. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईतो पिल्लू ४२ पक्क्या दातांचं धनी होतं. माणसाचं आयुष्य ३२ वर भागतं. वरचे दहा कशाला लागतात, ते आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये येऊन बघावं.

ठमी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, अस्सल गावठी. आवडीनिवडी मात्र खानदानी. विकत आणलेलं रबरी हाड तिने हुंगलं, सोफ्याखाली ढकललं आणि बाबांची कोल्हापुरी उचलली. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यात बाबांच्या पायांचे कित्येक उन्हाळे मुरलेले. त्यापुढे रबराची काय कथा? कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ठमीने त्यावर शिक्कामोर्तब केलं, अंगठ्यापाशी.

चपला कपाटात गेल्या आणि मोर्चा वायरींकडे वळला. इथे मात्र हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती. चप्पल खाल्ली तर चप्पल जाते. भिंतीतून २३० व्होल्ट येतात. वायरमनला बोलावलं. म्हटलं, घरात ईएलसीबी आहे, मग काळजी कसली? त्याने माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं.

"साहेब, ३० मिलीअँपियर करंट जमिनीकडे गळला की तो पडतो. पण तुमच्या कुत्रीने फेज आणि न्यूट्रल एकदम दाढेखाली धरले, तर करंट तोंडातल्या तोंडात फिरेल. ब्रेकरला वाटेल, घरात इस्त्री चालू आहे."

मग त्याने भिंतीलगत पट्ट्या ठोकल्या, फ्रिजची वायर मागे सारली आणि जाताना बजावलं, "खाली लोंबेल ते तिचं."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्यात भर घातली. शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करायचा, मगच कुत्रीला हात लावायचा. आणि नंतर ती कितीही बागडली तरी दवाखान्यात आणायचीच, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही साचतं. तेव्हापासून आई रात्री देवाचा दिवा शांत झालाय का बघते आणि त्याच फेरीत सगळी बटणंही बंद करते. आमचे फोन सकाळी अर्धपोटी उठतात.

उरले चार्जर. त्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, लाल तिखट लावा. डॉक्टरांनी ते साफ फेटाळलं. नाकाडोळ्यांची आग होते, आणि ते तिखट शेवटी आपल्याच डोळ्यांत जातं. कडू चालेल म्हणाले. आईने प्लग काढून वायरीला कारल्याचा रस चोपडला. आता, बाबा मधुमेहासाठी रोज सकाळी कारल्याचा रस घेतात आणि पेल्याचा तळ ठमी चाटते, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. तरीही चोपडला. ठमीने वायर आधी चाटून स्वच्छ केली, मग खाल्ली.

मग कडू स्प्रे आणला. त्यात डेनाटोनियम नावाचा पदार्थ होता. १९५८ साली एडिंबरोमध्ये भुलीच्या औषधांवर काम चाललं असताना हा सापडला, आणि तेव्हापासून कोणी पिऊ नये म्हणून तो स्पिरिटमध्ये घालतात. इतका कडू पदार्थ दुसरा माहीत नाही म्हणे. माझा विश्वास आहे, कारण मी फोन चार्जिंगला लावून तसाच ताटावर बसलो आणि पहिला घास श्रीखंडाचा घेतला. सौ. म्हणाली, "नावं ठेवायला तुम्हाला निमित्तच हवं." मग तिने स्वतःचा फोन काढला, आणि तिचंही श्रीखंड बिघडलं. ठमी त्या वायरीकडे फिरकली नाही, हे खरं. आम्हीही फिरकेनासे झालो.

शेवटी डॉक्टरांनी मुळावर बोट ठेवलं. हिरड्या शिवशिवतात, त्यात दिवसभर घरात बसून कंटाळते. सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरवा. आणि तोंडात नको ती वस्तू दिसली तर आरडाओरडा करायचा नाही. तिला धरायला धावलात तर तिला खेळ वाटतो. शांतपणे दुसरं काही द्यायचं, फ्रीजरमधलं गाजर वगैरे. गार लागलं की हिरड्यांना बरं वाटतं.

हा उपाय लागू पडला. जरा जास्तच. ठमी आता वायर चावत नाही. ती टेबलावरचा सुटा चार्जर अलगद तोंडात धरून आणते, दाताचा व्रणही न उमटवता, आणि स्वयंपाकघराच्या दारात शेपटी हलवत उभी राहते. आई पोळपाट सोडून फ्रीजर उघडते. चार्जर आत, गाजर बाहेर, असा रोखीचा व्यवहार.

काल गाजरं संपली होती. आईने तिच्यापुढे बिटाची फोड धरली आणि माझ्याशीही कधी बोलत नाही अशा अजिजीने विचारलं, "आज एवढ्यावर भागव हं, ठमे?"

ठमीने बीट हुंगलं, चार्जर खाली ठेवला आणि बाबांच्या चपलेचं कपाट नाकाने उघडायला गेली.