सतरा सेंटिमीटरचं लफडं

ऐकलंत ना? चांगल्या घरातली, शिकलीसवरलेली, बँकेत नि आयटीत चिकटलेली मुलं शनिवारी रात्री पबात जातात. जातात ते जातात, वर पीत नाहीत! नाचत नाहीत, कुणाकडे बघून हसत नाहीत. पाठीला सॅक, काखेत उंच स्टँड, मनगटात काळ्या टेपचं रीळ बांगडीसारखं. आणि नजर कुठं? गाणाऱ्या मुलीवर असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. नजर ड्रमच्या सिंबलवर! आज हा ड्रमर किती बडवणार, या एकाच चिंतेनं चेहरा काळवंडलेला. घरी बायकोला वाटतं, नवऱ्याला दारूचा नाद लागलाय. दारू परवडली असती हो.

छोट्या जागेत लाइव्ह बँड रेकॉर्ड करण्याचं हे खूळ. मूळ साथ अर्थातच अमेरिकेतली. तिथं ग्रेटफुल डेड बँडच्या कार्यक्रमांना लोक इतके माइक घेऊन यायला लागले की 1984 साली बँडनं त्यांच्यासाठी साउंडबोर्डच्या मागे वेगळी जागाच राखून टाकली. म्हणजे निदान एका कोपऱ्यात तरी बसवलं त्यांना. आपल्याकडे ही मंडळी थेट तुमच्या टेबलाला खेटून स्टँड उघडतात आणि तुम्ही पापड मोडलात तर डोळे वटारतात.

आधी खरेदीचं प्रकरण ऐका. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख पत्रिकेसारखा पसरून रात्र रात्र जागवतात. दहा हजार हर्ट्झपाशी उंचवटा दिसला की संपलं, मंगळ! आता श्युअरचा एसएम57 घ्या. 1965 पासून बाजारात आहे. गिटारच्या अ‍ॅम्पसमोर तो, स्नेअरवर तो, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपुढच्या भाषणाच्या मेजावरही तोच. पडला, आपटला, वर कुणी बिअर सांडली तरी कामावर हजर. इतकं खानदानी स्थळ, पण मागण्या कमी, म्हणून यांच्या मनात भरत नाही. यांना हवेत कंडेन्सर. तेही एक नाही, जोडी. तीही कारखान्यातूनच जुळवून आलेली. शिवाय त्यांना 48 व्होल्टचा फँटम पॉवर पाजावा लागतो, तो वेगळा. आणि आता तर 32 बिट फ्लोटचा रेकॉर्डर हवाय, म्हणजे कितीही मोठा आवाज आला तरी फाइल फाटायची नाही. माइकच फाटला तर? असं विचारू नये. घरात वातावरण बिघडतं.

पण खरं लफडं आहे ते अंतराचं. दोन माइक एकमेकांपासून किती लांब ठेवायचे आणि तोंडं कुठं फिरवायची! एक पंथ म्हणतो एक्सवाय: दोघांच्या कॅप्सूल एकावर एक, नव्वद अंशांत तोंडं फिरवून. इतकी सलगी, तीही चारचौघांत! दुसरा पंथ फ्रेंच सरकारी रेडिओचा, ओआरटीएफचा: मध्ये सतरा सेंटिमीटर, तोंडांमध्ये एकशेदहा अंश. फ्रेंचांचं ते सगळं मोजूनमापूनच. वर दोघांचीही बाजू पटते, हीच तर पंचाईत. एक्सवायमध्ये दोन्ही माइकना आवाज एकाच क्षणी पोचतो, फरक फक्त लहानमोठ्याचा. त्यामुळे फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकलं तरी काही हरवत नाही, पण पसारा थोडा आखडतो. ओआरटीएफमध्ये आवाज एका माइकला अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत आधी पोचू शकतो, आपल्या दोन कानांना पोचतो साधारण तसाच, आणि हेडफोन लावला की खोली उघडते.

मग काय होतं? कोरेगाव पार्कातल्या पबच्या अंधारात गृहस्थ दातांत मोबाइल धरून त्याच्या उजेडात शाळेतली प्लास्टिकची पट्टी दोन कॅप्सूलमध्ये लावतात. सोळा! पुन्हा स्क्रू ढिला. साडेसतरा! पुन्हा. वेटर ट्रे घेऊन ताटकळलाय. शेवटी सतरा होतात, गृहस्थ सुखावतात. आणि हा मोजूनमापून उभारलेला संसार मांडलाय कुठं? पार मागच्या भिंतीला चिकटवून, एसीच्या झोताखाली, बर्फ फोडणाऱ्या यंत्रापासून हातभर अंतरावर! भिंतीपाशी बास साचून फुगतो, हे शंभर पानं वाचूनही डोक्यात शिरलेलं नाही. चार पावलं पुढं सरकले असते तर जे फुकट मिळालं असतं, ते मिळवायला पुढच्या महिन्यात नवी जोडी येणार. अशानं घरात भांडणं होणार नाहीत तर काय?

अहो, जागा म्हणजे काय चीज आहे हे जुन्यांना विचारा. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं टिपत होता तेव्हा रेकॉर्डिंगला माइक वापरतच नसत, नुसता कर्णा. त्या जमान्यात समतोल साधायचा एकच मार्ग होता: माणसं सरकवायची. वरचा सूर आला की मागं, खालचा आला की पुढं. 1987 मध्ये टोरांटोच्या एका चर्चमध्ये काउबॉय जंकीजनं ‘द ट्रिनिटी सेशन’ टिपलं, तेही एका माइकवर. गाणारीचा आवाज छोट्या स्पीकरमधून आणि बाकीचे माइकभोवती जागा बदलून बदलून बसवलेले. आमचा शेजारी हे पुराण दर आठवड्याला सांगतो आणि त्याच दमात आठ माइकची यादी काढतो.

छोट्या जागेची गोम अशी, की तिथं ड्रमला माइक लागतच नाही. तो आपल्या बळावर अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. गिटारचा अ‍ॅम्पही बोंबलत असतो. मोठ्या स्पीकरमधून येतं ते मुख्यतः गाणं. म्हणून साउंडवाल्याच्या हातापाया पडून नुसती मिक्सरची तार घेतलीत, तर गाणारी अगदी कानाशी, श्वासासकट, आणि ड्रम तिच्या माइकमधून झिरपतील तेवढेच. नुसते मागचे माइक घेतलेत तर सिंबलचा पाऊस आणि शब्द वाहून गेलेले. जे निर्ढावलेत ते दोन्ही घेतात आणि घरी येऊन जोडतात. तिथंही तिढा: आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. दहा मीटर मागं बसलात की माइकची बाजू तीसेक मिलिसेकंद उशिरा, आणि गाणारी स्वतःच्याच मागून गायला लागते. मग रात्री दोनला हे महाशय स्नेअरचा एक टोला दुसऱ्या टोल्याखाली सरकवत बसतात. बायकोनं दार ओढून घेतलेलं असतं.

रंगमंचावरचे प्रकार तर सांगायलाही नकोत. अ‍ॅम्पच्या जाळीला माइक नेमका शंकूच्या मध्यावर टेकवतात आणि मग गिटार कानात टाचणीसारखी टोचते म्हणून माइक बदलतात. दोन बोटं कडेला सरकवा की! जेवढा फरक दुकानातल्या दोन माइकनी मिळून पडत नाही तेवढा त्या दोन बोटांनी पडतो. गाणारे ओठ टेकवून गातात, सगळ्यांदेखत. जितकी जवळीक तितका बास, म्हणून आवाज कसा भारदस्त, आणि शब्द? ते त्यात बुडाले. त्याहून वाईट म्हणजे रॅपवाल्या पोरांची सवय: माइकची जाळी मुठीत आवळायची. या माइकचा पाठीमागून न ऐकण्याचा गुण त्या जाळीआडच्या झरोक्यांवर अवलंबून. ते मुठीनं बुजले की तो चहूबाजूंचं ऐकायला लागतो, पायाशी ठेवलेला मॉनिटर त्यात शिरतो आणि अशी शिट्टी वाजते की बारवाल्याच्या हातून ग्लास सुटतो. यावर साउंडवाल्याला शिव्या. मूठ नामानिराळी!

प्रेक्षकांनी बोलू नये ही यांची आणखी एक अपेक्षा. अहो, बिल इव्हान्सच्या त्रयीचं 25 जून 1961 चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं रेकॉर्डिंग जग डोक्यावर घेऊन नाचतं, त्यातही ग्लासांची किणकिण आणि गप्पा आहेतच. पण न्यूयॉर्कच्या तळघरातली किणकिण म्हणजे माहोल, आणि आपल्याकडे माइकखाली बसून कुणी फ्लॅटच्या हप्त्याबद्दल बोललं की म्हणे रेकॉर्डिंगचा सत्यानाश.

बरं, एवढं करून फाइल बँडला पाठवली, की गिटारवाल्याचा रात्रीच निरोप: गिटार दबलीय. बासवाला: मी होतो ना त्या रात्री? गाणारी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवते, त्याचा अर्थ चार दिवस शोधायचा. खूश असतो एकटा ड्रमर. त्यानं तर पुढच्या शनिवारी आणखी दोन सिंबल आणायचं कबूल केलंय, आणि आमच्या शेजाऱ्यानं म्हणे त्यासाठी रिबन माइकची चौकशीही सुरू केली. किंमत? बायकोला अजून सांगितलेली नाही. तुम्हीही बोलू नका.